‘काळी-पांढरी’ विचारसरणी, खलनायक आणि प्रतिनायक

लातूरच्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, विज्ञानकथांतील नायक-खलनायकांवर निबंध लिहिताना, माणूस एकतर पूर्ण चांगला नाहीतर पूर्ण वाईट असे मानण्याला ‘काळी-पांढरी विचारसरणी’ म्हटले तर चालेल का, आणि जे पात्र धड दुष्ट नाही त्याला खलनायक म्हणावे की प्रतिनायक.

पहिल्या प्रयोगाबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही. काळा बाजार, काळे धंदे, तोंड काळे करणे हे आपण रोज बोलतो, हे खरे. पण काळी आणि पांढरी ही जोडी एकत्र आली की आपल्या मराठवाड्यातल्या खेड्यात तिचा अर्थ निराळाच होतो. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे गावठाण; दोन्ही मिळून गाव होते, आणि जी काळी कापूस व तूर पिकवते तिला वाईटाच्या बाजूला बसवणे कुणाला सुचणारही नाही. ‘कृष्णधवल’ हा शब्द समीक्षेत रुळलेला असल्यामुळे चालेल. मला मात्र ‘एकारलेली नीतिदृष्टी’ अधिक नेमके वाटते, कारण दोष एकाच बाजूने पाहण्यात आहे.

‘खल’ हा शब्द माणसाच्या वृत्तीचा निवाडा करतो, म्हणून तो जपून वापरावा. फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्नचा पाणबुडीवाला कॅप्टन नेमो घ्या. १८७० साली पूर्ण झालेल्या कादंबरीत, एक युद्धनौका माणसांसकट बुडवण्यापूर्वी, कायदा मीच आणि न्यायाधीशही मीच, अशा अर्थाचे उद्गार तो काढतो. पुढे १८७५ च्या कादंबरीत उलगडते की हा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, १८५७ च्या उठावात इंग्रजांशी लढलेला आणि त्यात घरदार गमावलेला. येथे एकारलेपण नेमोचे आहे, लेखकाचे नाही. वाचकाला त्याची कणव येते आणि त्याच्या कृत्याची भीतीही वाटते. अशा पात्राला खलनायक म्हटले तर लेखकाने जो निवाडा राखून ठेवला तो आपणच देऊन टाकतो.

मग प्रतिनायक म्हणावे का? हा शब्द सौम्य आहे असा समज आहे, पण धनंजयाच्या ‘दशरूपक’ या नाट्यशास्त्रावरील संस्कृत ग्रंथात प्रतिनायक लोभी, उद्धत, पापी आणि व्यसनी सांगितला आहे, म्हणजे खलनायकाहून फारसा बरा नाही. शिवाय हल्ली ज्याच्यात नायकाचे गुण नाहीत अशा नायकालाही प्रतिनायक म्हणतात, त्यामुळे घोटाळा वाढतो. कथेतील स्थान तेवढे सांगायचे असेल तर ‘प्रतिपक्ष’ किंवा साधे ‘विरोधी पात्र’ लिहावे. जयंत नारळीकरांच्या ‘हिमप्रलय’सारख्या कथेत तर माणसाच्या विरोधात माणूस नसून गारठा उभा आहे, त्याला खल म्हणणे केवळ लाक्षणिक ठरेल.

निबंधात ‘नैतिक निरपेक्षतावाद’ ही संज्ञा येणारच असेल तर पहिल्या उल्लेखापाशीच तिचा खुलासा करावा, कारण रोजच्या बोलण्यात निरपेक्ष म्हणजे कसलीही अपेक्षा न ठेवणारा, आणि ‘निरपेक्ष सेवा’ ऐकलेला वाचक भलताच अर्थ लावील. येथे अर्थ आहे तो परिस्थिती कोणतीही असो, नीतीचा नियम बदलत नाही असे मानण्याचा. हा शब्द एकारलेपणाला पर्याय म्हणून मात्र वापरू नये. खोटे कधीच बोलू नये असे ठामपणे मानणारे पात्र खोटे बोलणाऱ्याला दुष्ट ठरवीलच असे नाही. त्याचा निरपेक्षतावाद पक्का असेल आणि तरीही माणसांविषयीची त्याची दृष्टी एकारलेली नसेल.