जनुक गप्प केल्यावर बुरशीतलं एन्झाइम वाढतं कसं? उलट घटायला नको का?

घटलं असतं, एन्झाइमचंच जनुक गप्प केलं असतं तर. इथे गप्प करतात ते त्या जनुकाला दाबून ठेवणाऱ्याला.

आमच्या चेंबूरच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचा कंपोस्ट ढीग आहे. मधोमध हात घातला की चटका बसतो. अशा जागी उष्णता मानवणारी बुरशी रमते. मायसेलिओफ्थोरा थर्मोफिला तर 45 अंशांना मजेत वाढते आणि पेंढ्यातलं सेल्युलोज तोडणारी सेल्युलेज एन्झाइम्स बाहेर सोडते. पण सेल्युलोज तुटलं की ग्लुकोज साचतं, मग क्रे-1 नावाचं प्रथिन सेल्युलेजच्या जनुकांपुढे जाऊन बसतं आणि काम थांबतं. आयता वडापाव हातात असताना चूल कोण पेटवणार? बुरशीला हा शहाणपणा, एन्झाइम भरपूर हवं असलेल्या आपल्याला डोकेदुखी.

आरएनए इंटरफिअरन्स या जनुक गप्प करण्याच्या पद्धतीत क्रे-1 च्या क्रमाचा दुपदरी आरएनए बुरशीतच बनवून घेतात. डायसर नावाचं एन्झाइम त्याचे बारीक तुकडे करतं आणि त्या तुकड्यांच्या आधाराने क्रे-1 चा संदेशवाहक आरएनए (ज्यावरून प्रथिन बनतं ती जनुकाची प्रत) नष्ट होतो. डीएनए तसाच राहतो. याच बुरशीत 2015 साली असं करून सेल्युलेज वाढल्याचं प्रसिद्ध झालं. 2017 मध्ये क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या तंत्राने क्रे-1 धरून चार जनुकं एकदम काढून टाकली गेली.

मग सायलेन्सिंग, म्हणजे जनुक नुसतं गप्प करणं, जुनाट झालं का? माझ्या मते नाही. क्रे-1 मुळासकट काढलं की बऱ्याच बुरशींची वाढ खुरटते. अर्धवट दाबलेलं परवडतं. शिवाय बुरशीच्या एका तंतूत अनेक केंद्रकं असतात, एकूण एक बदलेपर्यंत जीव जातो. आरएनए मात्र सगळ्यांसाठी काम करतो. खोट एवढीच की पिढ्या वाढवत गेलात की असर ओसरू शकतो. (बुरशीत डीएनए घालायला अ‍ॅग्रोबॅक्टेरियम हा जिवाणू वापरणार असाल तर त्याला आणि बुरशीला एकत्र वाढवताना तापमान 25 अंशांच्या आसपास उतरवा, जिवाणूला 45 सोसत नाही.)

खरंच करून बघणार असाल तर बुरशी वाढवलेल्या सीएमसीच्या (विरघळणाऱ्या सेल्युलोजच्या) प्लेटवर काँगो रेड हा रंग ओता, मिठाच्या पाण्याने धुवा. लाल प्लेटवर वसाहतीभोवती फिकट पिवळं वलय दिसेल, म्हणजे तिथलं सेल्युलोज तुटलंय. मोठं वलय बघून लगेच हुरळू नका, वसाहतच मोठी असू शकते. शिवाय घातलेला डीएनए कुठेही जाऊन बसतो आणि तेवढ्यानेही फरक पडतो. रिकामा व्हेक्टर (क्रे-1 चा तुकडा नसलेला, डीएनए वाहून नेणारा रेणू) घातलेला स्ट्रेन तुलनेसाठी शेजारी ठेवा आणि क्रे-1 चा आरएनए खरोखर घटलाय का, ते क्यूपीसीआरने (आरएनए किती आहे हे मोजणाऱ्या चाचणीने) आधी तपासा.