३१ मार्चनंतरचं पत्र

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा वर्षाचा अहवाल दोनदा वाचला. दुसऱ्यांदा शेजारी वही घेऊन बसलो. ३८ दूध संस्थांचं संकलन तुमच्या सॉफ्टवेअरवर चालतंय, याचा मला फार आनंद आहे. पहाटे किटल्या घेऊन माणसं रांगेत उभी असतात. वजनकाट्याचं लिटर आणि मशीनवरची फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) वाचून पावती निघाली नाही, तर ती सगळी रांग सचिवावर खेकसते आणि सचिव तुला फोन लावतो. हे पाच जणांनी वर्षभर निभावलंत.

आता पहिल्या पानाबद्दल. ‘उलाढाल ४० टक्क्यांनी वाढली’ असं लिहिलंस, पण तो आकडा काढलेल्या बिलांचा आहे. त्यातले खात्यात आले किती, ते शेजारच्या रकान्यात लिही. लाखाचं बिल काढलंस की १८ हजारांचा जीएसटी त्या कालावधीच्या विवरणपत्राबरोबर भरावा लागतो, समोरच्यानं रुपया दिलेला नसला तरी. आणि जानेवारीत वर्षभराची एएमसी, म्हणजे देखभालीची रक्कम, आगाऊ घेतलीस, तर त्यातले नऊ महिने पुढच्या वर्षाचे. ते या वर्षाच्या कमाईत धरू नकोस.

एक गोष्ट दर ठरवताना लक्षात ठेव. ताज्या दुधावर जीएसटी नाही. त्यामुळे नुसतं दूध घेऊन दूध संघाला घालणाऱ्या संस्थेला तुझ्या बिलावरचे १८ टक्के परत मिळत नाहीत, तिच्यासाठी तो सरळ खर्च असतो. सचिव घासाघीस करतो म्हणून तू चिडून लिहिलं आहेस, पण तो हिशोबानंच बोलतो आहे.

थकबाकी मागायला लाजू नकोस. लहान उद्योगांची असते ती उद्यम नोंदणी आहे ना? लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानं लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीनं. व्याज लावच असं म्हणत नाही, पण बिलाच्या तळाला मुदतीची तारीख छापत जा. मी हे केलं नाही. माझ्या धंद्याच्या दुसऱ्या वर्षी एका मोठ्या गिऱ्हाइकानं सात महिने पैसे अडकवले आणि मी दोन मुलांना तीन महिने अर्धा पगार दिला. त्यातला एक सोडून गेला. पावतीच्या प्रिंटरचा सगळा कोड त्याच्याच डोक्यात होता. त्याचं काही चुकलं नाही, माझं चुकलं.

पुढच्या वर्षाच्या पानावर शेतकऱ्यांचं मोबाईल ॲप आहे, पशुखाद्याचा साठा आहे, निपाणी-चिकोडीत जाणं आहे, एआय आहे. यातलं काहीही या वर्षी करू नकोस, असं मी स्पष्ट सांगतो. कारण तुझ्याच अहवालात मागे, एका ओळीत, खरं काम लपलं आहे: कोडच्या ११ वेगळ्या प्रती झाल्या आहेत. कुणाचं बिल दहा दिवसांचं, कुणाचं आठवड्याचं; कुणाची खाद्याची कपात आधी, कुणाचा कर्जाचा हप्ता आधी. दर वेळी तुम्ही प्रत काढलीत आणि बदल केलात. संघानं दरपत्रक बदललं की ११ ठिकाणी हात घालायचा, आणि एक ठिकाण राहून गेलं तर गावभर चुकीची बिलं. हे फरक सेटिंगमध्ये आणा, कोड एकच ठेवा. मुदत दिवाळीच्या फरक बिलाआधीची, म्हणजे वर्षभराच्या दुधावर संस्था शेतकऱ्यांना जी जादा रक्कम वाटते त्याआधीची. फरकाला अख्ख्या वर्षाचं लिटर-लिटर लागतं. तू लिहितेस बॅकअप रोज घेतो. तो दुसऱ्या संगणकावर चढवून कधी पाहिलास का? या आठवड्यात पाहा.

सचिवांच्या फोनची नोंदही ठेव: वेळ, संस्था, अडचण. पुण्यात कैलास काटकरांचा कॅल्क्युलेटर दुरुस्तीचा धंदा होता. पुढे दुरुस्तीला संगणक येऊ लागले, त्यांत व्हायरस सापडायचे, म्हणून धाकट्या भावानं, संजय यांनी, अँटिव्हायरस लिहिला. क्विक हील तिथून सुरू झालं. तुझं दुरुस्तीचं टेबल म्हणजे सकाळी सहा ते आठचे ते फोन. ॲप हवं की नको, ते तिथून कळेल.

अहवालात सोडून गेलेल्या दोन संस्थांचा उल्लेखच नाही. त्यांच्याकडे स्वतः जा. विकायला जाऊ नकोस, चहा घे आणि आता ते हिशोब कशावर करतात ते बघून ये.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी गडहिंग्लजला येतोय. एखाद्या पहाटेच्या संकलनाला तुझ्याबरोबर बसायचं आहे. कुठली संस्था ते तू ठरव, पण जिथून सगळ्यात जास्त फोन येतात तीच निवड.

तुझा,
काका