‘व्हल्पिना’ म्हणजे कोणाची?

प्रश्न : ‘व्हायटिस व्हल्पिना’ या द्राक्षाच्या नावातल्या ‘व्हल्पिना’चा अर्थ काय? कोल्ह्याची का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : कोल्ह्याची नव्हे, खोकडाची. लॅटिनमध्ये ‘व्हल्पेस’ म्हणजे खोकड, त्यावरून ‘व्हल्पिनस’ हे विशेषण. नामाच्या लिंगाप्रमाणे ते बदलतं : व्हल्पिनस, व्हल्पिना, व्हल्पिनम. आपलं काळा, काळी, काळं तसंच. ‘व्हायटिस’ स्त्रीलिंगी, म्हणून व्हल्पिना. अमेरिकेतल्या या रानवेलीचं नाव स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ साली दिलं.

कोल्हा वेगळा, तो ‘कॅनिस ऑरियस’. ही गल्लत माझ्या मनाला फार लागते. लहानपणी शिरोळकडच्या माळावर आजोबांनी पहाटे खोकड दाखवलं होतं : मांजराहून थोडं मोठं, झुबकेदार शेपूट, टोक काळं. ‘कोल्हं न्हवं बाळा, खोकड हाय,’ म्हणाले. त्याचं शास्त्रीय नाव ‘व्हल्पेस बेंगालेन्सिस’.