वजनाची पैज: किलो नको, टक्के मोजा

प्रश्न: दिवाळीनंतर मी आणि मिस्टरांनी वजनाची पैज लावली. दोन महिन्यांत ते ९२ वरून ८८ वर आले, मी ६६ वरून ६३ वर. रोज रंकाळा तलावावर फिरायला दोघंही जातो, तरी मी मागेच. आता मन उडालंय.
– एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर: अहो ताई, तुम्ही पुढं आहात! टक्के काढा. त्यांचे ४ किलो म्हणजे ४.३ टक्के, तुमचे ३ म्हणजे ४.५. पुरुषांच्या अंगात स्नायू जास्त, त्यामुळं बसल्या जागीही त्यांची ऊर्जा जास्त खर्च होते. शिवाय पाळीच्या आधी अंगात पाणी साठून आपलं वजन वाढलेलं दिसतं. त्या आठवड्याचा आकडा पैजेत धरूच नका.

आमच्या घरी मी काट्याच्या जोडीला शिंप्याची टेप आणली. रविवारी सकाळी, उपाशीपोटी, श्वास सोडून कंबर मोजायची आणि कॅलेंडरवर लिहायची. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. रस्सा आम्ही सोडला नाही, कोल्हापुरात राहून ते जमायचं नाही. पांढऱ्यात नारळाचं दूध, काजू. म्हणून तो एकच वाटी. तांबड्यावरचा तेलाचा कट पळीनं बाजूला.

एक मात्र कळकळीनं सांगते, जिंकायच्या नादात कुणीही जेवण टाळू नका. मधुमेहाच्या काही गोळ्या चालू असताना उपाशी राहिलं तर साखर एकदम उतरते. आठवड्याला अर्धा किलो पुष्कळ झालं. आणि पैजेचं बक्षीस मिसळ नको. हरणाऱ्यानं महिनाभर रात्रीची भांडी घासायची, असं ठरवा.