सुरू केलेलं वाक्य संपव

प्रिय मुली,

परवा तलावपाळीवर बसून तू इंग्रजी मुलाखतीच्या सरावाचं रेकॉर्डिंग ऐकवलंस आणि ‘काका, मला नाहीच जमणार’ म्हणालीस. मागून तू पाठवलंस तेव्हा मी ते घरी पुन्हा ऐकलं. चार मिनिटांत अकरा वेळा ‘सॉरी’. नाव सांगितलंस तेवढंच एक वाक्य पुरं. ऐरोलीच्या कंपनीने ‘एमटीआय जास्त आहे’, म्हणजे इंग्रजी बोलण्यावर मातृभाषेची छाप जास्त आहे, म्हणून परत पाठवलं, तेव्हापासून तू उच्चारांच्या मागे लागली आहेस. लाग. ‘व्हेरी’ला वरचे दात खालच्या ओठाला टेकव, ‘वेल’ला ओठ गोल कर, ‘वर्क्ड’च्या शेवटी ‘एड’ ऐकू येऊ देऊ नकोस. थोड्या दिवसांचं काम आहे ते. पण वाक्यच अर्ध्यावर सोडलंस तर उच्चार सुधारणार कशाचा?

सुरू केलेलं वाक्य संपव. चुकलं तरी संपव.

तू अडतेस कुठे तेही मला कळलं. तू आधी मराठीत जुळवतेस. आपलं क्रियापद बसतं शेवटी: ‘मी गेल्या वर्षी बेलापूरच्या ऑफिसात सहा महिने काम केलं.’ इंग्रजीला ते ‘केलं’ लागतं ‘मी’च्या पाठोपाठ. म्हणजे मनातलं मराठी वाक्य पुरं होईस्तोवर तुझं इंग्रजी सुरूच होत नाही आणि समोरचा तोंडाकडे बघत बसतो. ‘आय वर्क्ड’ एवढं टाकून मोकळी हो. कुठे, कधी, किती दिवस, ते मागून एकेक जोड. आणि संपव.

1994 साली ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला होतो. गरम तेलाच्या एका पंपाचं बेअरिंग सारखं जायचं. जर्मनीहून इंजिनिअर आला. कारण मला ठाऊक होतं. पंप आणि मोटर जोडणाऱ्या कपलिंगचं अलाइनमेंट आम्ही पंप गार असताना करायचो. गरम झाला की पंप फुगून किंचित वर उचलला जायचा आणि लाइन बिघडायची. मी म्हणालो, ‘सर, व्हेन पंप इज हॉट, द कपलिंग…’ आणि थांबलो. ‘गो’ की ‘गोज’, ठरेना. तो थांबला होता, पाना माझ्या हातात होता. मी ‘नथिंग, सर’ म्हटलं. अगं, ‘गो’ म्हटलं असतं तरी त्याला कळलं असतं! आणखी तीन बेअरिंगं गेली, मग तेच कारण दुसऱ्याने सांगितलं. माझं वाक्य मी त्या रात्री बसमध्ये पुरं केलं.

तेव्हापासून अडखळत का होईना, पुरं बोलतो. लोक हसले, हसू दिलं. लेकीलाही जेवताना अर्धं इंग्रजी वाक्य टाकून उठू द्यायचो नाही. ती चिडायची, तिची आई म्हणायची, पोरीला दोन घास सुखाने खाऊ द्या. अती केलं असेन. पण आज ती परदेशी क्लायंटशी बोलत असते तेव्हा मी दाराशी उभा राहून एवढंच ऐकतो, वाक्यं संपतात का. संपतात. मग मी काय चुकलो सांग?

तू रोज ठाण्याहून घणसोलीला जातेस. दिघा, ऐरोली, रबाळे: दर स्टेशनाला खिडकीतून दिसेल त्यावर एक वाक्य म्हण. ओठ हलले पाहिजेत, मनातल्या मनात नको. शब्द आठवला नाही तर मराठी शब्द घाल, पण मागे फिरून पहिल्यापासून सुरू करू नकोस. ‘सॉरी’ तर मुळीच नको. कुणाचा पाय तुडवलास का तू?

रविवारी दहाला घरी ये. काकू पोहे करणार आहेत. रेकॉर्डिंगमध्ये तू ‘माय फादर ऑल्वेज टोल्ड मी…’ म्हणून थांबलीस. बाबा काय सांगायचे ते मला ऐकायचं आहे.

तुझा,
काका