मुलं ५ आणि ८ वर्षांची आहेत. त्यांना फ्लाय फिशिंग कधी आणि कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याला फ्लाय फिशिंगचं वेड आहे, तुम्ही नुकतेच पेन्सिल्वेनियात आलात, आणि ५ वर्षांचा मुलगा व ८ वर्षांची मुलगी दोघांनाही नदीवर न्यायचंय. पण पोरं कंटाळतील, नाहीतर कुणाच्या तरी अंगात गळ रुतेल, अशी धास्ती वाटते.

आधी तुमच्या नवऱ्यासाठी निरोप. पहिला उन्हाळाभर त्यांनी स्वतःचा रॉड घरी ठेवायचा. गाडीच्या डिकीतसुद्धा नको. डिकीत असला की "मुलं खेळतायत तोवर दोनच मिनिटं" असं होतं, आणि त्या दोन मिनिटांत धाकटा कमरेपर्यंत पाण्यात गेलेला असतो. अनुभवाने सांगतेय, आमच्या घरात ते वेड मला आहे.

मी मूळची कणकवलीकडची. गड नदीवर गरवायला जायचं म्हणजे बांबूची काठी, तंगूस, गरीला गांडूळ, आणि मग गप्प बसून राहायचं. कधी मासा, बऱ्याचदा कुर्ली. त्यामुळे इथे आल्यावर मला वाटलं, यात शिकण्यासारखं काय आहे? पण हे काम उलटं निघालं. आपल्याकडे दोरीला शिसं बांधतो आणि ते वजन दोरीला ओढत नेतं. इथली 'फ्लाय' म्हणजे खोटी माशी, पिसं आणि दोरा गुंडाळलेला बारीकसा गळ, तिला वजनच नाही. म्हणून दोरीच जाड आणि जड असते, आणि फेकायची असते ती दोरी. माशी नुसती मागून जाते. मुलांना जड जातं ते हेच.

माझी लेक ६ वर्षांची असताना मी तिला थेट स्प्रिंग क्रीक या ओढ्यावर घेऊन गेले, तिथल्या फिशरमन्स पॅराडाइज या जागी. मे महिना, संध्याकाळ, पाण्यावर सल्फर नावाच्या पिवळसर, खऱ्या माशा तरंगतायत, ट्राउट मासे वर येऊन टिपतायत. मी वेडी झालेले. तिथे पाण्यात उतरायला मनाई आहे, मागे झाडं, आणि पोरीच्या हातात माझा ९ फुटी रॉड. तिला तो दोन्ही हातांनी पेलवेना. चौथ्या की पाचव्या फेकीला माशी माझ्या कानाच्या पाळीत. गळाचा उलटा काटा आधीच पकडीने चेपून टाकला होता, म्हणून ती शिरली तशी निघाली. रडली मात्र ती, मी नाही. पुढे वर्षभर तिने नदीचं नाव काढलं नाही. माशी नेमकी कुठे शिंकली हे मला उशिरा कळलं. मी तिला मासे दाखवत होते आणि तिचं लक्ष काठावरच्या दगडांत होतं.

पुढच्या वेळी रॉड नेलाच नाही. आइस्क्रीमचा रिकामा पांढरा डबा, चहाची जुनी गाळणी आणि खाऊ, एवढंच सामान. दुसऱ्या एका ओढ्यावर घोट्याएवढ्या पाण्यातला दगड हळूच उचलायचा आणि खालची बाजू बघायची. दोनच शेपट्या असलेला चपटा किडा म्हणजे स्टोनफ्लायचं पिल्लू. पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ले हलतायत आणि बहुतेक तीन शेपट्या आहेत, ते मेफ्लायचं. एका दगडाला वाळूची बारीक नळी चिकटलेली होती. लेकीला वाटलं कचरा आहे. डब्यात पाणी घालून ठेवली तर दोन मिनिटांनी नळीच्या तोंडातून काळं डोकं बाहेर आलं, सहा पाय आले, आणि नळी चालायला लागली. कॅडिसची अळी. वाळूचे कण तोंडातल्या रेशमाने चिकटवून ती ते घर स्वतः बांधते. मग मी माझी माश्यांची डबी उघडली आणि म्हटलं, यांच्यासारखी शोध. अर्धा तास ती डबी आणि डबा आलटून पालटून बघत बसली. "म्हणजे आपण माशाला फसवतो?" हो बाई, फसवतो.

तुमच्या धाकट्याला पहिलं वर्ष एवढंच पुरे. फार तर तेंकारा द्या. तो जपानी डोंगरी ओढ्यांवरचा प्रकार आहे: रील नाही, लांब लवचीक काठीच्या टोकाला दोरी बांधलेली, पुढे माशी. म्हणजे जवळपास आपली गरवायची काठीच. ५ वर्षांच्या मुलाला ती जमते, कारण रील, सुटी दोरी, गुंता हे निम्मे कटकटीचे प्रकार त्यात नाहीतच.

थोरलीला खरा रॉड द्यायला हरकत नाही. साडेसात-आठ फुटी, ४ किंवा ५ नंबरचा (कुठल्या वजनाची दोरी चालते, त्याचा हा नंबर). दोरी मात्र रॉडपेक्षा एक नंबर जड घ्या, म्हणजे जवळच्या फेकीतही रॉड वाकल्याचं मुलीच्या हाताला कळतं. पहिले काही आठवडे अंगणातच. गळाऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधा आणि गवतावर ताट ठेवून नेम धरायला लावा. शेजाऱ्यांचं मांजर त्या लोकरीमागे धावतं. मासा लागल्याचा सराव फुकटात होतो.

फेकीत सगळ्यांचं चुकतं ते एकाच जागी. दोरी मागे गेल्यावर ती सरळ होईपर्यंत थांबावं लागतं, आणि मुलं थांबत नाहीत. मी "थांब" म्हणून दमले. शेवटी "बटाटा" कामाला आला. "ब" म्हणत मागे, मधल्या "टा"ला थांबायचं, शेवटच्या "टा"ला पुढे. मोठ्याने म्हणायचं. नदीवर आजूबाजूचे अमेरिकन काका बघतात, बघू देत. आणि नवऱ्याला हेही सांगा: इथल्या पेन स्टेट विद्यापीठात जॉर्ज हार्वी यांनी १९४७ मध्ये फ्लाय फिशिंगचा क्रेडिट कोर्स सुरू केला, अमेरिकेतला तसा पहिलाच. कॉलेजची पोरं ज्याला सत्रभर घेतात, ते ८ वर्षांच्या मुलीला एका शनिवारी यावं अशी अपेक्षा धरू नये.

पहिला मासा ट्राउट नको. ट्राउट खोटी माशी तोंडात घेतो आणि क्षणात थुंकतो, शिवाय माशी प्रवाहाबरोबर जराही न ओढली जाता वाहायला हवी. मोठ्यांनाही हे वर्षानुवर्षं जमत नाही. तळ्यावर जा, ब्लूगिल धरा. आम्ही ब्लॅक मोशॅननला जातो. दलदलीतून येत असल्यामुळे तिथलं पाणी बिनदुधाच्या चहासारखं तांबूस दिसतं. काठापासून दहा-बारा फुटांवर फोमची माशी टाकायची आणि हलवायची नाही. पोरांना हेच अवघड जातं. ब्लूगिल खालून येतो, नाकाने हुंगल्यासारखा माशीसमोर उभा राहतो, आणि पुच् करून ओढतो. तळहाताएवढा मासा, पण आडवा होऊन अशी ओढ देतो की लेक ओरडली, "आई, हा मोठ्ठा आहे!" जूनच्या आसपास उथळ पाण्यात तळाशी गोल पराती मांडल्यासारख्या खळग्या दिसतात. ती त्यांची घरटी, नर राखणीला असतात. तिथे मासे पटापट लागतात, म्हणूनच एक-दोन धरून पुढे सरका.

सोडायचं खातं धाकट्याकडे द्या. हात आधी ओले करायचे, नाहीतर माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. मासा पाण्याच्या वर जेमतेम धरायचा, गळ काढायचा, सोडायचा. माझ्या मुलाच्या हे इतकं अंगवळणी पडलंय की इंडियन स्टोअरमधून आणलेल्या पापलेटला हात लावण्याआधीही तो नळाखाली हात धरतो. आजीला मात्र हे पटत नाही. व्हिडिओ कॉलवर फोटो दाखवला तर म्हणाली, "धरलंस आणि सोडलंस? मगे धरलंस कित्याक?" मी तिला स्प्रिंग क्रीकची गोष्ट सांगितली. त्या पाण्यात केपोन आणि मायरेक्स ही विषारी रसायनं सापडली, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मासे घरी न्यायला बंदी झाली, आणि त्या बंदीनंतर तिथे जंगली ब्राउन ट्राउट मोप झाले. आजीला विषाचं पटलं, बाकीचं नाही.

बाकी पटकन: टोपी आणि चष्मा दोघांना सक्तीचा, ऊन असो नसो. सगळ्या गळांचे काटे चेपलेले. पाण्याजवळ लाइफ जॅकेट, पोहता येत असलं तरी. घरी आल्यावर काखेत, गुडघ्यामागे, केसांत गोचीड तपासा. इथे गोचीड चावून होणाऱ्या लाइम रोगाचा त्रास बराच आहे. १६ वर्षांखालच्या मुलांना परवाना लागत नाही, तुम्हाला लागतो, ट्राउटसाठी वेगळा. मुलांच्या रॉडला हात लावणार असाल (लावालच) तर काढूनच जा.

एप्रिलचा पहिला शनिवार टाळा, ट्राउटचा हंगाम उघडतो आणि काठावर खांद्याला खांदा असतो. मेअखेर जा, सकाळी, तासाभरासाठी. चिवडा भरपूर न्या, पण डब्याचं झाकण घट्ट लावा. आमचा एक डबा ब्लॅक मोशॅननच्या तळाशी आहे.