गुडघा बदलू की नको?

प्रश्न : वय 64. पंचवटीत दुसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. दहा वर्षं गुडघे दुखतात. श्रावणातली ब्रह्मगिरीची फेरी सुटून चार वर्षं झाली, आता रामकुंडाच्या पायऱ्याही नको वाटतात. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, 'ग्रेड चार, दोन्ही बदला.' मुलगा तयार आहे, पण सिन्नरची बहीण ऑपरेशन करून पस्तावलीय. मला शुगर आहे. काय करू?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : ताई, एक्स-रे जरा बाजूला ठेवू. ग्रेड चारचे, म्हणजे सगळ्यात जास्त झिजलेले, गुडघे घेऊन गोदाकाठी गंगेवर रोज भाजी विकायला बसणाऱ्या मावशी माझ्याकडे फिजिओथेरपीला येतात, आणि ग्रेड दोनवर अंथरूण धरलेलेही येतात. रात्री ठणक्यानं जाग येते का, हे तुम्ही लिहिलंच नाही. येत असेल, गोळ्यांनी भागत नसेल, जिन्याच्या भीतीनं आठवडा-आठवडा घरातच जात असेल, तर आता लांबवू नका.

तसं नसेल तर आधी तीन महिने व्यायाम. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहा आकडे धरायचा, दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, रोज. 'करून बघितलं' म्हणणारे बहुतेक आठवड्यात सोडतात. माझी आईसुद्धा त्यातलीच. वजन जास्त असेल तर एक किलो उतरला की पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. पुढे ऑपरेशन ठरलंच तरी हे वाया जात नाही, मांडीत ताकद असलेला पेशंट लवकर उभा राहतो.

बहिणीला नेमकं काय खुपतंय ते विचारा. माझी आई ऑपरेशननंतर जिना चढायला लागली, पण मांडी घालून पोथी वाचणं गेलं. नवा गुडघा साधारण 110-120 अंश वाकतो; मांडी घालायला, उकिडवं बसायला तेवढं पुरत नाही. हे तिला आधी कुणी सांगितलं नव्हतं. मी फिजिओथेरपिस्ट, मीसुद्धा नाही. तो राग अजून आहे.

तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) तपासून घ्या. ती चढलेली असेल तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. दोन्ही एकदम कशासाठी, हे डॉक्टरांना सरळ विचारा आणि दुसऱ्या एखाद्या सर्जनलाही दाखवा. कृत्रिम सांध्याच्या किमतीवर 2017 पासून सरकारी मर्यादा आहे, तेव्हा मुलाला म्हणावं, सांध्याची किंमत बिलात वेगळी लिहून माग.

फेरीचा शब्द मी देणार नाही. जिना उतरून रामकुंडापर्यंत जाऊन यायचं, एवढं धरून चला.